आडदोरा

थोरलीला सुताची तार डोळे मिटूनही ओळखता यायची. डोळे उघडे ठेवूनही तिला ती बोटांनीच ओळखावी लागायची, हे मात्र घरादारात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि ते माणूस म्हणजे तिची धाकटी जाऊ.

कळलं ते असं. सुट्टीच्या दिवशी दुपारी थोरली खिडकीशी बसून नवऱ्याच्या सदऱ्याला गुंडी लावत होती. दोरा ओला करून झाला, पिळून झाला, सुई उजेडाकडे धरून झाली, पण दोघांची काही केल्या भेट होईना. धाकटी भाजी निवडत होती. ती उठली, हातातून सुई घेतली, ओवून परत दिली आणि पुन्हा भाजीपाशी जाऊन बसली. तिनं काही विचारलं नाही, म्हणूनच थोरली बोलली. जवळचं सगळं धुकट झालंय, सूत दिसत नाही, बोटांना कळतं म्हणून निभतंय, असं म्हणाली. कुठं बोलू नकोस, म्हणाली. धाकटीनं गळ्याला हात लावून शपथ घेतली.

लपवण्यासारखं त्यात होतं ते गिरणीमुळे. दोघी एकाच गिरणीत, एकाच खात्यात होत्या. गिरणीत जाड निळं कापड व्हायचं, विजारींचं. ताण्याची एक तार तुटू नये म्हणून आपण जीव टाकायचा आणि लोकांनी दुकानातून मुद्दाम गुडघे फाडलेली विजार आणायची, यावर थोरली खात्यात सगळ्यांना हसवत असे. तिच्या खात्यात निळं काहीच नव्हतं. सगळं पांढरं. एका बाजूला छतापर्यंत गेलेल्या चौकटीवर सुताचे कोन, म्हणजे शंकूच्या आकाराची रिळं, लावलेले, प्रत्येक कोनातून एक तार निघालेली, अशा शेकडो तारा एका फणीतून येऊन एकत्र व्हायच्या आणि त्यांचा मनगटाएवढा दोर बनून ढोलासारख्या गोळ्यावर गुंडाळला जायचा. हे गोळे मग नीळखात्यात जायचे. ठरावीक अंतरावर यंत्र थांबवून त्या तारांमधून एक बारीक नायलॉनचा दोरा आडवा घालायचा असे, एक तार वर, एक खाली, एक वर, एक खाली. त्याला सगळे आडदोरा म्हणत. दिसायला क्षुल्लक, पण पुढची सगळी अब्रू त्याच्यावर. दोर निळीत बुडून, वाळून बाहेर आला की तो पुन्हा उकलून एकेक तार सुटी करावी लागते, आणि तेव्हा कुठली तार कुठल्या तारेशेजारी हे सांगणारा तो आडदोरा एकटाच.

हे काम नजरेचं, असं सगळे मानत. म्हणून तारेवरच्या बाईला चष्मा लागला की तिची रवानगी रिकाम्या कोनांच्या खोलीत व्हायची. तिथं कोनांवर उरलंसुरलं सूत आकडीनं खरवडत बसायचं. खात्याच्या मास्तरला स्वतःला जाड भिंगांचा चष्मा होता, पण मास्तरला चालायचा. थोरली म्हणूनच डॉक्टरची पायरी चढली नाही. आणि खरं सांगायचं तर तिला गरजही नव्हती. तिची बोटं तारांवरून फिरली की एक वर, एक खाली आपोआप व्हायचं. इतक्या वर्षांत तिच्या आडदोऱ्यात खोट निघाली नव्हती.

धाकटीला हे काम तिनंच शिकवलं होतं. लग्न होऊन आली तेव्हा धाकटीला साधी गाठ मारता येत नव्हती. थोरलीनं तिला हात धरून गिरणीत नेलं, मुकादमाकडे शब्द टाकला, तिची पहिली चूक स्वतःच्या अंगावर घेतली. दोघी एकाच डब्यातून जेवायच्या. जावाजावांचं इतकं गूळपीठ बघून लोकांना चैन पडत नसे.

माशी शिंकली ती उकलायच्या यंत्रामुळे.

नीळखात्याच्या पलीकडे उकलायचं खातं होतं. मोठ्या खिडक्या, भरपूर उजेड. तारांच्या खात्यात हवेत कायम कापसाचा भुगा उडत असायचा. तो केसांत बसायचा, नाकात बसायचा, आणि थोरलीच्या छातीत तर तो मुक्कामालाच आला होता. ती खोकायला लागली की तिच्यापेक्षा बघणाऱ्याचा जीव कासावीस व्हायचा. उकलायच्या खात्यात भुगा कमी. तिथली जुनी बाई लेकीकडे राहायला जाणार म्हटल्यावर ती जागा थोरलीची, हे मुकादमासकट सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. तिनं खिडकीशी आपली पाण्याची बाटली कुठं ठेवायची तेसुद्धा बघून ठेवलं होतं.

जागा धाकटीला मिळाली.

मास्तर फेरीवर असताना त्यानं सहज धाकटीला विचारलं होतं, की तुमच्या घरातून तिकडं कोण जाणार? आणि धाकटी म्हणाली होती, मला द्या साहेब, माझी नजर त्यांच्यापेक्षा तरुण आहे. मास्तर हसला आणि त्यानं देऊन टाकली. शेजारच्या यंत्रावरच्या बाईनं हे ऐकलं आणि जेवणाच्या सुट्टीत तिखटमीठ लावून थोरलीला सांगितलं.

घरी येईपर्यंत थोरलीनं धीर धरला. चपला काढता काढता तिनं विचारलं, "नजर हा शब्द तुझ्या तोंडी आलाच कसा?"

धाकटीनं मान खाली घातली नाही. "मी काय खोटं बोलले? तिथं एक तार चुकली असती तर तुमचंच नाव गेलं असतं."

"शपथ घेतली होतीस."

"तुम्हाला दिसत नाही असं कुठं म्हणाले मी? मला दिसतं, एवढंच म्हणाले."

थोरली तशीच आत निघून गेली. यावरची उत्तरं तिला सुचली ती पुढं कितीतरी दिवस, रोज नवीन, यंत्रासमोर उभं असताना. पण तोवर दोघींचं बोलणं बंद झालं होतं.

घर दोन खोल्यांचं, मध्ये स्वयंपाकघर. एवढ्या जागेत अबोला धरायचा म्हणजे सर्कशीतली कसरत. सगळा व्यवहार सासऱ्यांमार्फत चालू झाला. मामंजींना ऐकायला कमी यायचं. "तिला सांगा, नळ गेला," असं थोरली म्हणायची, मामंजी "काय मेलं?" म्हणून दचकायचे, तोवर शेजारीच उभी असलेली धाकटी बादली उचलून निघून गेलेली असायची. दोघा भावांनी पहिल्यांदा हे हसण्यावारी नेलं, मग बायकांच्या भांडणात पडू नये असं ठरवलं, आणि शेवटी त्यांना त्याची सवय झाली. सवय झाली म्हणजे मिटलं, अशी पुरुषांची समजूत असते.

पहिली चूक खरोखरच चूक होती. आडदोरा घालताना थोरलीला खोकल्याची उबळ आली, हात हलला, आणि मूठभर तारा वरखाली न होता तशाच निसटल्या. तिच्या बोटांना ते कळलं. पण उबळ थांबेपर्यंत यंत्र चालू झालं होतं, आणि ती गप्प राहिली. तो दोर निळीत गेला. टाकीत बुडताना पिवळट, हिरवा, मग वर हवेत चढता चढता निळा, पुन्हा बुडी, पुन्हा वर, असं करत करत काळपट निळा होऊन पिंपात पडला, आणि तिथून धाकटीच्या यंत्रावर आला. धाकटी अर्धी पाळी गुंता सोडवत स्टुलावर उभी होती. मागचं काम तुंबलं. मास्तरनं येऊन चार माणसांत तिला ऐकवलं, की तरुण नजर कुठं गेली?

त्या संध्याकाळी धाकटी घरी आली तेव्हा तिचे हात कोपरापर्यंत निळे होते आणि बोटांच्या पेरांवर तारांनी बारीक चिरा पाडल्या होत्या. ती न जेवता भिंतीकडे तोंड करून पडली. थोरलीनं सगळ्यांना वाढलं, स्वतः पोटभर जेवली, आणि बऱ्याच दिवसांनी तिला अन्नाची चव लागली. आपल्याला असं व्हावं याची तिला लाज वाटली. पण चव लागली ती लागलीच.

पुढची चूक चूक नव्हती.

ती कसबानं करायची. आडदोरा जागच्या जागी, गाठ पक्की, वरून बघणाऱ्याला शंका येऊ नये. फक्त मध्येच कुठंतरी चिमूटभर तारांचा पुंजका ती एकत्र सोडून द्यायची. रोज नाही. कधी सलग, कधी मध्ये खंड पाडून, म्हणजे धाकटीला नेमकी धास्ती राहावी. चांगलं काम करायला जेवढं कौशल्य लागायचं तेवढंच याला लागत होतं, किंबहुना जास्त. सकाळी उठल्यावर तिला कामाला जावंसं वाटू लागलं.

धाकटीला अर्थातच कळलं होतं. प्रत्येक गोळ्याला यंत्राचा बिल्ला बांधलेला असायचा, आणि गुंता नेमका एकाच बिल्ल्याखाली निघत होता. पण ती मास्तरकडे गेली नाही, नवऱ्याला बोलली नाही, घरी भांडीसुद्धा आपटली नाहीत. फाटलेल्या बोटांना पट्ट्या बांधून ती पोळ्या लाटायची. एकदा मोरीत दोघी एकदम आल्या तेव्हा तिनं थोरलीच्या हातांकडे पाहिलं, नुसतं हातांकडे, आणि बाजूला होऊन वाट दिली. थोरलीला वाटलं होतं ही आता तोंड उघडेल. ये ना, भांडायला ये, असं ती मनातल्या मनात म्हणायची. तिची सगळी उत्तरं तयार होती, धार लावून ठेवलेली. पण समोरची उभीच राहीना. मग थोरली आणखी एक पुंजका सोडायची.

असं किती दिवस चालणार? धाकटी सोडवू शकेल तेवढं सोडवत होती, पण एका खेपेला काही तारा एकमेकींवर चढलेल्या तशाच तिच्या हातून गुंडाळायच्या रुळावर गेल्या. पुढं त्यांना खळ लागली, त्या चिकटून वाळल्या, आणि मागावर चढल्यावर पटापट तुटायला लागल्या. कापडात उभे पट्टे आले. विणकर शिव्या घालत होते. मोठा माल बाजूला काढावा लागला, वरून विचारणा झाली, आणि मास्तरनं दोन्ही जावांना आपल्या काचेच्या खोलीत बोलावलं. मुकादमही होता. टेबलावर दोराचे कापलेले तुकडे आणि बिल्ले मांडले होते. काचेबाहेर सगळं खातं काम करत असल्यासारखं दाखवून आत बघत होतं.

थोरलीला भीती नव्हती. उलट तिला हायसं वाटलं. आता धाकटी म्हणणार, जाऊबाईंनी मुद्दाम केलं. मग आपण म्हणणार, हो केलं, आणि का केलं तेही सांगणार: शपथ, नजर, खिडकीशेजारची जागा, सगळं सगळ्यांसमोर.

मास्तरनं विचारलं, हे दोर तुमच्याच यंत्राचे ना? माझेच, असं थोरलीनं सांगितलं. मग तो धाकटीकडे वळला. तुम्ही हे आधी पाहिलं असणार, मग बोलला का नाहीत, असं त्यानं विचारलं.

धाकटीनं पट्ट्या बांधलेले हात पुसले. तिचे डोळे भरून आले होते, आणि ते खोटे नव्हते.

"साहेब, जाऊबाईंना दिसत नाही. बरेच दिवस झाले. मला ठाऊक होतं. घरचं माणूस आहे, म्हणून बोलले नाही. जमेल तेवढं माझं मी सोडवत होते."

हे उत्तर तिच्या तयारीत नव्हतं.

"मला सगळं दिसतं," ती म्हणाली. "हे मी मुद्दाम केलंय."

मुकादमानं खाली पाहिलं. मास्तरनं चष्मा काढून हातात घेतला. "बाई, इतकी वर्षं तुमचं काम बघतोय मी. तारेवरचं काम जाईल म्हणून माणूस काहीही बोलतं. पण असं बोलून स्वतःला वाईट ठरवू नका."

"मी खरं सांगतेय. एकेक पुंजका बोटांनी निवडून सोडलाय."

मास्तरनं टेबलाच्या खणातून एक बिल्ला काढला आणि तिच्या हातात दिला. "हा वाचा."

बिल्ल्यावरचा आकडा रंगवलेला होता. बोटाला काही लागेना. थोरलीनं तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, आणि आपल्या यंत्राचा आकडा सांगितला.

मुकादम हळूच म्हणाला, "वहिनी, तो पलीकडच्या यंत्राचा आहे."

शिक्षा झाली नाही. मास्तरनं वर काय सांगितलं कोण जाणे, पण थोरलीला कामावरून काढलं नाही. दुसऱ्या दिवसापासून रिकाम्या कोनांच्या खोलीत बसायला सांगितलं. धाकटीची जागा तिची तिलाच राहिली. बोलायला हवं होतं, असं मास्तर तिला म्हणाला, पण ते रागावून म्हणाला नाही. बाहेर पडताना बायकांनी धाकटीच्या खांद्यावर हात ठेवले. ज्या बाईनं तिखटमीठ लावून सांगितलं होतं, तिनं तर डोळे पुसले.

घरी जाताना दोघी गिरणीच्या भिंतीकडेनं चालत होत्या. तिथं उघड्या गटारातून निळं पाणी वाहायचं. कोणी ऐकायला नव्हतं, मामंजीही नव्हते, त्यामुळे एकमेकींशी बोलण्यावाचून इलाज नव्हता.

थोरली म्हणाली, "मी मुद्दाम केलं. तुला माहिती होतं."

"माहिती होतं."

"मग?"

"मुद्दाम म्हटलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, का केलं. मग त्या जागेचं सगळं निघालं असतं. आणि तुम्हाला काढलं असतं. दिवसभर तुम्ही घरात, आणि मी संध्याकाळी त्याच घरात यायचं." धाकटीनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "आता आंधळ्या माणसावर कोण रागावणार? मलाही नाही रागावता येणार. तेवढं एक माझं वाईट झालं."

थोरलीला वाटलं, इथंच हिच्या दोन कानशिलात द्याव्यात. पण समोरून ओळखीची माणसं येत होती, आणि धाकटीनं त्यांच्यादेखत तिचं कोपर धरलं, खड्डा होता म्हणून. खड्डा थोरलीला चांगला दिसत होता. लांबचं तिला सगळं दिसायचं.

नवऱ्यानं दुसऱ्याच दिवशी तिला डॉक्टरकडे नेलं. आपली बायको आंधळी होत होती आणि आपल्याला पत्ता नव्हता, या विचारानं तो बिचारा खचून गेला होता. चष्मा आला. चष्मा लावल्यावर थोरलीला सगळं लख्ख दिसायला लागलं: भाजीतला किडा, नवऱ्याच्या भुवईतला पांढरा केस, आणि जो तो आपल्याकडे बघताना मान किंचित वाकडी करतो तेसुद्धा. मला आता छान दिसतं, असं ती सांगायची. लोक हो हो म्हणायचे आणि तिच्या पुढ्यातला पेला जरा जवळ सरकवायचे.

रिकाम्या कोनांच्या खोलीत खिडकी नव्हती. ती आकडीनं सूत खरवडायची, भुगा उडायचा, ती खोकायची. शेजारी बसणारी म्हातारी तिला सारखं म्हणायची, की अशी जाऊ मिळायला नशीब लागतं, सख्खी बहीण करणार नाही एवढं केलं तिनं.

घरचा अबोला संपला होता. धाकटी तिच्याशी आता थेट बोलायची, सावकाश आणि मोठ्यानं, जसं मामंजींशी बोलायची तसं. थोरलीनं भाजीत मूठभर मीठ टाकलं, तर दिरानं पाणी पीत पीत ती संपवली. तिनं धाकटीची चप्पल पायानं ढकलून मोरीत पाडली, तर मामंजींनी वाकून काढली आणि म्हणाले, वाटेत नका रे काही ठेवू, तिला ठेच लागायची.

मग धाकटीनं साडीवरून घालायचा नवा पांढरा सदरा शिवून घेतला. मास्तरनं तिला नव्या आलेल्या बायकांना शिकवायला सांगितलं होतं, त्यासाठी. थोरलीनं तो दोरीवरून काढला. चष्मा नाकावर होता, दुपारचा स्वच्छ उजेड होता. तिनं बादलीत आधी नवऱ्याची कोरी निळी विजार घातली, मग मधोमध तो सदरा, वरून दिराची विजार, आणि कढत पाणी ओतलं. बाजूला बसून तिनं पाणी निळं होताना पाहिलं.

संध्याकाळी धाकटीनं सदरा पिळून झटकला. एका बाहीवर आणि पाठीवर ढगांसारखे डाग पडले होते.

"मी मुद्दाम भिजवला," थोरली दारातून म्हणाली. नवरा आत होता, दीर होता, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली.

नवरा बाहेर आला आणि त्यानं तिच्या पाठीवरून हात फिरवला. "असू दे गं. कोणी काही बोललंय का तुला?"

धाकटीनं सदरा पसरून वाळत घातला, सुरकुत्या हातानं नीट केल्या. दुसऱ्या दिवशी ती तोच घालून कामाला निघाली. वाटेत एकीनं विचारलं, अगं हे काय झालं? जाऊबाईंनी धुतला, असं धाकटीनं सांगितलं. ती बाई थोरलीकडे पाहून चुकचुकली आणि आपण मागं सरून तिनं दोघींना वाट करून दिली.